यंत्राने बुद्धी वाढवावी काय?



‘याच्या डोक्यात काही शिरतच नाही’ हे वाक्य तुम्ही किती वेळा ऐकले असेल? पालक मुलाविषयी म्हणतात, शिक्षक विद्यार्थ्याविषयी म्हणतात, आणि साक्षरतेच्या वर्गाच्या दारातून परत फिरणारी चाळिशीतली बाई स्वतःविषयीच म्हणते, ‘आता या वयात माझ्या डोक्यात काय शिरणार?’ ज्या घरात पाटी-पुस्तक पहिल्यांदाच आले, त्या घरात तर हे वाक्य फार लवकर उच्चारले जाते. मूल पाढ्यात अडखळले की आजी म्हणते, ‘आपल्या सात पिढ्यांत कोणी शिकले नाही, हा तरी काय शिकणार?’ बोलणारीच्या मनात दुष्टावा नसतो. पण त्या बोलण्यामागे एक सिद्धान्त दडलेला असतो : मेंदू जन्मताच ठरून येतो, कोणाच्या वाट्याला किती बुद्धी यायची ते आधीच ठरलेले असते, शिकवणाऱ्याच्या आणि शिकणाऱ्याच्या हाती फारसे काही नसते.

हा सिद्धान्त खरा की खोटा, हे विज्ञानाने तपासले आहे. तपासण्यासाठी जी साधने वापरली गेली, त्यांतले एक साधन आता दुसऱ्याच कामासाठी पुढे केले जात आहे. कवटी न उघडता, बाहेरूनच चुंबकाने किंवा विजेने मेंदूला चालना द्यायची आणि त्याची शिकण्याची शक्ती वाढवायची, असे ते काम. म्हणून आपल्यापुढे दोन प्रश्न उभे राहतात. मेंदू खरोखर बदलतो काय? आणि बदलत असेल, तर तो यंत्राने बदलून घ्यावा काय? पहिला प्रश्न विज्ञानाचा आहे, दुसरा नीतीचा. दोन्ही प्रश्न आपल्या मुलांशी निगडित आहेत. ते तज्ज्ञांवर सोपवून आपल्याला मोकळे होता येणार नाही.

आधी जुने मत पाहू. चेतासंस्थेच्या रचनेचा अभ्यास करणारे स्पेनचे शास्त्रज्ञ सांतियागो रामोन ई काहाल यांना १९०६ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. प्रौढ माणसाच्या मेंदूतले चेतामार्ग पक्के झालेले असतात, तेथे नाश होऊ शकतो, नवी उभारणी होत नाही, असे त्यांनी पुढे १९१३-१४ च्या ग्रंथात लिहिले. हा कठोर निर्णय बदलणे उद्याच्या विज्ञानाचे काम आहे, असेही त्यांनी त्याच जागी म्हटले. इतकेच नव्हे, १८९४ साली लंडनमधील व्याख्यानात बौद्धिक व्यायामाने चेतापेशींमधील जोडण्या वाढत असाव्यात असा तर्क त्यांनीच मांडला होता. पण लोकांनी कठोर निर्णय तेवढा लक्षात ठेवला आणि आशेचा भाग विसरून गेले. असे पुष्कळदा होते. माणूस बदलणार नाही, हे सांगणारे मत सोयीचे असते. ते मान्य केले की कोणालाच कष्ट घ्यावे लागत नाहीत.

पुढे पुरावा येत गेला. १९७३ साली टिमोथी ब्लिस आणि तेर्ये लोमो या दोघांनी ओस्लो येथील प्रयोग प्रसिद्ध केले. सशाच्या मेंदूतील एका चेतामार्गावर विजेचे जलद झटके दिले, तर त्या मार्गाने जाणारा संदेश नंतर कित्येक तास अधिक जोरकस राहतो, असे त्यांना दिसले. शेताच्या बांधावरून दोन-चार माणसे गेली तर गवत पुन्हा उभे राहते. रोज माणसे जाऊ लागली की पायवाट पडते आणि पुढच्याचे चालणे सोपे होते. चेतापेशींच्या जोडण्यांचेही काहीसे तसेच आहे. वापराने जोडणी बळकट होते, वापर सुटला की दुबळी होते. मेंदूच्या या गुणाला लवचिकता म्हणतात.

परंतु सशाच्या मेंदूत तार घालता येते, जिवंत निरोगी माणसाच्या मेंदूत कशी घालणार? येथे मायकेल फॅरडे यांचा १८३१ चा शोध उपयोगी पडला. चुंबकीय क्षेत्र बदलले की जवळच्या वाहकात वीज निर्माण होते, हा तो नियम. १९८० साली इंग्लंडमध्ये मर्टन आणि मॉर्टन यांनी कवटीवरून विजेचा जोरदार झटका देऊन माणसाचा हात हलवून दाखवला होता, पण त्यात वेदना होत. १९८५ साली शेफील्ड येथे अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोक्यावर तारेचे वेटोळे धरले व त्यातून क्षणभर प्रचंड वीज सोडली. एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ टिकणारे चुंबकीय क्षेत्र कवटीतून विनासायास आत गेले, मेंदूच्या बाह्यपटलात त्याने सौम्य वीज उत्पन्न केली आणि विरुद्ध बाजूच्या हाताचे स्नायू हलले. कातडी फाडली नाही, भूल दिली नाही, वेदनाही झाली नाही. ‘टक्’ असा आवाज तेवढा झाला. ट्रान्सक्रॅनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन, थोडक्यात टीएमएस, असे या पद्धतीचे नाव आहे.

या यंत्राने पहिल्याने काम केले ते मोजपट्टीचे. मेंदूचा कोणता भाग कोणते बोट हलवतो, तो भाग केवढा आहे, हे त्याने मोजता येऊ लागले. १९९५ साली अमेरिकेतील आल्वारो पास्कुआल-लिओने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग प्रत्येक आईबापाने समजून घ्यावा असा आहे. ज्यांना पियानो वाजवता येत नव्हता अशा माणसांना पाच बोटांचा एक धडा दिला. रोज दोन तास याप्रमाणे पाच दिवस त्यांनी सराव केला. रोज टीएमएसने मोजणी झाली. बोटे हलवणाऱ्या भागाचा नकाशा दिवसेंदिवस मोठा होत गेला. ज्यांनी पेट्या नुसत्या वाटेल तशा दाबल्या, त्यांच्यात तसा बदल आढळला नाही. आणखी एका गटाने बोट न हलवता तोच धडा फक्त मनात वाजवला. त्यांचाही नकाशा वाढला. त्यांचे कौशल्य प्रत्यक्ष वाजवणाऱ्यांइतके झाले नव्हते, परंतु दोन तासांच्या एकाच प्रत्यक्ष सरावाने त्यांनी ती तूट भरून काढली.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. केवळ लक्षपूर्वक विचार करण्याने मेंदूच्या कार्यात मोजता येण्याजोगा फरक पडला, आणि तो पाच दिवसांत पडला. लक्ष न देता केलेल्या हालचालीने तो पडला नाही. पोपटपंची करणाऱ्या शाळेला आणि मन लावून शिकणाऱ्या मुलाला, दोघांनाही यात उत्तर आहे.

दुसरा दाखला अंध माणसांचा. लहानपणापासून दृष्टी नसलेली माणसे बोटांनी ब्रेल लिपी वाचत असताना लिओनार्दो कोहेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांच्या डोक्याच्या मागील भागावर, म्हणजे पाहण्याचे काम करणाऱ्या भागावर, टीएमएसचे ठोके दिले. वाचनात चुका होऊ लागल्या. डोळस माणसे उठावाची अक्षरे स्पर्शाने ओळखत असताना त्याच जागी ठोके दिले, तर तशा चुका झाल्या नाहीत. १९९७ साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला. डोळ्यांकडून निरोप येत नाही म्हणून मेंदूचा तो भाग रिकामा बसला नव्हता, बोटांच्या वाचनाला तो हातभार लावू लागला होता. नेमून दिलेले काम सोडून दुसरे काम करण्याची मुभा निसर्गाने मेंदूला दिली आहे. जन्माने कामे वाटून देणाऱ्या समाजाने निसर्गाचा आधार सांगू नये, एवढे तरी यातून दिसते.

मग शास्त्रज्ञांना पुढचा विचार सुचणे साहजिक होते. ज्याने मोजता येते, त्याने बदलताही येईल काय? जर्मनीतील ग्योटिंगेन येथे मायकेल नित्शे आणि वॉल्टर पाउलुस यांनी २००० साली दाखवले की, टाळूवर ओल्या स्पंजाच्या दोन पट्ट्या ठेवून एक मिलिअँपिअर इतकी अल्प वीज काही मिनिटे सोडली, तर त्याखालच्या भागाची उत्तेजित होण्याची क्षमता ४० टक्क्यांपर्यंत बदलते आणि वीज बंद केल्यावरही तो परिणाम काही मिनिटे राहतो. २००५ साली लंडनमधील संशोधकांनी टीएमएसच्या ठोक्यांची विशिष्ट लय शोधली. केवळ ४० सेकंदांच्या ठोक्यांनी मेंदूच्या त्या भागाची उत्तेजना सुमारे तासभर मंदावत होती, आणि लय बदलली की वाढत होती. येथून मोजपट्टीचे हत्यार झाले. स्मरणशक्ती वाढवू, गणित सुधारू, एकाग्रता देऊ, अशी आश्वासने निघाली. बॅटरीवर चालणारे टोप आणि पट्टे विकायला आले. काही हौशी लोकांनी तर घरीच तारा जोडल्या, आणि २०१६ साली संशोधकांच्या एका गटाला जाहीर पत्र लिहून अशा लोकांना सावध करावे लागले.

आता कोणी म्हणेल, ‘विज्ञान आहे ना? मग मान्य करा.’ विज्ञान मान्य करणे म्हणजे विज्ञानाच्या नावाने सांगितलेले सर्व मान्य करणे नव्हे. आपण ताईत-गंडे टाकले ते कशासाठी? पुरावा मागण्याची बुद्धी वापरली म्हणून. तीच बुद्धी येथेही वापरली पाहिजे. नाहीतर अंगारा गेला आणि त्याच्या जागी तारेची टोपी आली, एवढाच फरक होईल.

पुरावा काय सांगतो? लंडनमध्येच ५६ माणसांवर त्या लयबद्ध ठोक्यांची पुन्हा तपासणी झाली. २०१३ साली तिचा निष्कर्ष आला. काहींवर अपेक्षेप्रमाणे परिणाम झाला, काहींवर उलट झाला, आणि सर्वांची सरासरी काढली तर परिणाम दिसेना. टाळूवरून दिलेल्या अल्प विजेविषयी २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मृतदेहांवर मोजणी केली होती. सुमारे ७५ टक्के वीज कातडी आणि कवटी यांतच अडते किंवा बाहेरून निघून जाते, असे आढळले. अमेरिकेत पक्षाघाताच्या १९९ रुग्णांवर मोठी चाचणी झाली. सर्वांना हाताचा व्यायाम सारखाच दिला. काहींना त्याआधी खरे चुंबकीय ठोके दिले, काहींना तसे भासणारे खोटे. सहा महिन्यांनी खऱ्या ठोक्यांच्या गटातील ६७ टक्के रुग्ण ठरवलेल्या प्रमाणात सुधारले होते, आणि खोट्या ठोक्यांच्या गटातील ६५ टक्के. म्हणजे दोन्ही गटांत बहुसंख्य रुग्ण सुधारले आणि यंत्रामुळे म्हणावा असा फरक पडला नाही. दोन्ही गटांना समान मिळालेली गोष्ट व्यायाम ही होती.

याचा अर्थ हे तंत्र निरुपयोगी आहे असा मात्र करू नका. तोही अन्याय होईल. औषधाने बरे न वाटलेल्या नैराश्याच्या रुग्णांसाठी टीएमएस वापरण्यास अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ साली परवानगी दिली. पुढे २०१८ साली, नको ते विचार आणि कृती पुन्हा पुन्हा कराव्या लागतात त्या आजारासाठीही दिली. रुग्ण जागेपणी खुर्चीवर बसतो, आठवड्यातून पाच दिवस याप्रमाणे काही आठवडे उपचार चालतो. सर्वांना गुण येत नाही, पुष्कळांना येतो. आपल्या देशात बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेत या उपचाराचे आणि संशोधनाचे काम चालते. ‘शॉक’ या शब्दाची आपल्या लोकांना भीती वाटते, म्हणून हेही सांगितले पाहिजे : विजेचा झटका देऊन आकडी आणण्याचा जो उपचार १९३८ साली रोममध्ये सुरू झाला, तो वेगळा. तोही आता २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यान्वये भूल आणि स्नायू सैल करणारे औषध दिल्याशिवाय करता येत नाही. टीएमएसमध्ये आकडी आणत नाहीत. क्वचित ती येऊ शकते, म्हणून ज्यांना फेफरे येते किंवा ज्यांच्या डोक्यात धातूचा तुकडा अथवा उपकरण बसवलेले आहे, त्यांनी ते डॉक्टरांना आधी सांगितलेच पाहिजे.

आता नीतीच्या प्रश्नाकडे वळू. क्षणभर समजा, उद्या यंत्र सुधारले आणि त्याने निरोगी मुलाची बुद्धी खरोखर वाढू लागली. मग ते वापरावे काय?

‘निसर्गाने दिले ते तसेच राहू द्यावे’ असा एक आक्षेप घेतला जातो. हा आक्षेप मला मान्य नाही. चष्मा निसर्गाने दिलेला नाही, देवीची लसही दिलेली नव्हती. ‘जसे जन्मलास तसाच राहा’ हा उपदेश माणसाला नवा नाही, आणि त्याचे भले त्याने कधी झालेले नाही.

दुसरा आक्षेप असा की, कष्टाविना मिळालेली बुद्धी ही खरी कमाई नव्हे. यात अर्धे सत्य आहे. रस्त्याच्या दिव्याखाली अभ्यास करणाऱ्याचे आपण कौतुक करतो, पण म्हणून घरात दिवा घेऊ नये असे कोणी म्हणत नाही. कष्ट हलके करणे पाप नाही. तेव्हा केवळ कष्ट वाचतात म्हणून यंत्र वाईट ठरत नाही.

मग अडचण कोठे आहे? माझ्या मते ती तीन ठिकाणी आहे.

पहिली अडचण किमतीची. मी मुलांना गणित शिकवतो, म्हणून गणिताचेच उदाहरण देतो. ऑक्सफर्डच्या तेरेसा युक्युलानो आणि रॉय कोहेन कादोश यांनी २०१३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांना सहा दिवस नव्या, बनावट चिन्हांचे अंक शिकवले आणि त्याच वेळी टाळूवरून अल्प वीज दिली. डोक्याच्या मागच्या-वरच्या भागावर वीज दिलेले लोक अंक लवकर शिकले, पण शिकलेले अंक सहजपणे, आपोआप वापरण्यात ते मागे पडले. पुढच्या भागावर वीज दिलेल्यांचे नेमके उलट झाले. एका हाताने घेतले ते दुसऱ्या हाताने द्यावे लागले. शिवाय लवचिकता म्हणजे चांगुलपणा असे नाही. सराव जसा पाढ्यांचा पक्का होतो तसा भीतीचा आणि द्वेषाचाही होतो. मेंदू मऊ करणे सोपे असेल, त्यात काय उमटवायचे हे यंत्र सांगत नाही.

दुसरी अडचण संमतीची. प्रौढ रुग्ण स्वतः समजून, प्रश्न विचारून होकार देतो. दहा वर्षांच्या मुलाला काय विचारणार? त्याचा मेंदू अजून घडतो आहे. नफा बापाच्या अभिमानाचा आणि जोखीम मुलाच्या डोक्याची, हा व्यवहार न्यायाचा नाही. आजारी मुलावर उपचार करणे वेगळे. तेथे उपचार न करण्याचीही किंमत मुलालाच मोजावी लागते. निरोगी मुलाला गुणांसाठी यंत्राला जोडणे वेगळे.

तिसरी अडचण मला सर्वांत मोठी वाटते. ती जबाबदारीची. शाळेत एका गुरुजींकडे चार वर्ग असतात, घरात बसायला कोपरा नसतो, मूल सकाळी उपाशी येते, आणि मग ते वाचनात मागे पडते. अशा वेळी दोष कोठे शोधायचा? यंत्र विकणारा म्हणेल, कवटीच्या आत. एकदा हे मान्य केले की शाळा सुटली, सरकार सुटले, आपणही सुटलो. ‘डोक्यात शिरत नाही’ या जुन्या वाक्याला नवी तार जोडली, एवढेच झाले. पूर्वी नशिबावर ढकलत होतो, आता चेतापेशींवर ढकलू. आणि यंत्र खरोखर चालले, तर ते आधी कोणाच्या मुलांना मिळेल, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

शेवटी आपल्याच लिपीचा एक दाखला देतो. उत्तर प्रदेशात लखनौजवळच्या खेड्यांतील निरक्षर प्रौढांना सहा महिने देवनागरी वाचायला-लिहायला शिकवले. त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या आणि वय साधारण तिशीचे होते. शिकण्याआधी आणि नंतर त्यांच्या मेंदूची चित्रे घेतली. भारतीय आणि युरोपीय संशोधकांनी २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाहण्याचे काम करणारे बाह्यपटल आणि मेंदूच्या खोल, पुरातन भागातील केंद्रे यांचा एकमेकांशी मेळ वाढलेला दिसला. तेथे चुंबक नव्हता, वीज नव्हती. अक्षरे होती, शिकवणारा होता आणि सहा महिने होते. वर्गाच्या दारातून परत फिरणाऱ्या त्या बाईला हे जरूर सांगा.

तेव्हा वाचकहो, घरात एवढे ठरवून टाका. कोणी मनाने आजारी असेल तर लाज बाळगू नका, देवऋषी शोधू नका. मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे जा, आणि त्यांनी चुंबकाचा उपचार सांगितला तर घाबरून नकार देऊ नका. तो कशासाठी, किती दिवस, खर्च किती, गुण न आला तर पुढे काय, हे विचारा. निरोगी मुलाची बुद्धी वाढवून देतो म्हणून कोणी यंत्र घेऊन आला, तर त्याला विचारा, ‘खऱ्या आणि खोट्या ठोक्यांची तुलना केलीत काय? किती मुलांवर? नुकसान कोणाला झाले?’ उत्तर मिळाले नाही तर त्याला दारातूनच परत पाठवा.

आणि घरातलेच कोणी ‘याच्या डोक्यात शिरत नाही’ असे म्हणाले, तर त्यालाही प्रश्न विचारा : किती वेळा सांगितले? कोणी सांगितले? कोणत्या उजेडात? ज्याचे उत्तर आपल्याला बदलता येते, तो भाग आधी बदलू.